प्रेताला हात लावण्याची रांग

खून झालेला पाणचक्कीवाला गांगोल्फ चर्चमध्ये फळीवर पडला होता आणि गाव रांगेनं त्याला हात लावत होतं. शेवटी त्याची मोलकरीण आपोलोनिया उभी होती. तिच्यापुढे विणकर फाइट आणि पाववाली वाल्पुर्गा.

"घाबरलात की काय, काकू?" फाइटनं वाल्पुर्गाला विचारलं.

"मी कशाला घाबरू? खुन्याचा हात लागला तरच मढ्याची जखम वाहते."

"रोज शिव्या तर घालत होतात त्याला."

"शिव्यांनी माणूस मरत असता, तर तू कधीच गेला असतास. तो उंच म्हातारा कोण रे?"

"विद्यापीठात वैद्यक शिकवतो. न्यायाधीशांनी मुद्दाम बोलावलाय."

"जखम बघायला?"

"तेच तर! माझा भाऊ आत्ताच हात लावून आला. म्हणे, म्हातारा मढ्याकडे ढुंकूनही बघत नाही."

"मग करतो काय?"

"प्रत्येकाला एक हात मढ्यावर ठेवायला लावतो आणि त्याच्या दुसऱ्या हाताचं मनगट धरतो. डोळे मिटून."

"प्रार्थना करत असेल."

"छे, काहीतरी मोजतो."

"आणि रक्त?"

"अजून कुणाच्याच हाताखाली आलं नाही. आता आपण तिघंच उरलो."

"अगं बाई! ज्याच्या हाताखाली येईल, तो उद्या फासावर."

शालीखाली आपोलोनियानं स्वतःचं मनगट घट्ट दाबून धरलं.

फाइट सुटला. वाल्पुर्गाही सुटली.

आपोलोनियानं गार छातीवर तळवा ठेवला. सगळं चर्च वाकून बघत राहिलं.

"जखम कोरडी आहे, डॉक्टरसाहेब. जाऊ मी?"

"जा की, पोरी," म्हातारा डोळे मिटूनच म्हणाला. त्याची बोटं तिच्या मनगटावरून हलली नाहीत. "आधी ही नाडी धावायची थांबू दे."