उपवासातलं कोकरू

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला हो, इथे मिरच्या तडतडतायत… कोण, दाफिना? अगं मग तसं सांग ना! मला वाटलं, परत तो वीजमीटरवाला.

हो, आत्याच बोलतेय. दुसरं कोण उचलणार या घरात फोन?… तुझा बाप झोपलाय. डायलिसिसहून आला, दोन घास भात खाल्ला आणि आडवा झाला… बरा आहे म्हणजे, जसा असतो तसा आहे. थांब, फोन खांद्यावर धरते, माझे हात बरबटलेत… आयवार करतेय, मिरच्या भाजून-वाटून बरण्यांत भरायच्यात, अजून काय! ऑक्टोबर संपत आला, तुमच्या स्कोप्येत बरण्या दुकानातून येतात, आमच्याकडे चुलीवरून येतात.

टीव्हीवर? बघितलं ना. दुपारच्या बातम्यांत. तो तुमचा टायवाला साहेब उभा होता, मागे रंगीत काठ्या काढलेला तक्ता… तो तक्ता तू केलास?… सगळा?… बाई बाई! आणि साहेबानं तुझं नाव नाही घेतलं ते?… बरं, बरं, नसतात घेत. राहिलं.

किती म्हणालीस? चार पूर्णांक एक… चार पूर्णांक एक टक्के काय?… वाढ. कशाची?… देशाची. अस्सं. देश वाढला होय! मला पत्ताच नाही, मी सकाळपासून चुलीपाशी होते.

नाही गं, टोमणा कसला. आनंद झाला. पुढे?… तूटही कमी झाली. तूट म्हणजे सरकारच्या पिशवीचं भोक, तेच ना?… लहान झालं. वा! कोणी शिवलं?… हं… हं… मागास गावं एकेचाळीस होती ती तेहतीस झाली. एका वर्षात आठ गावं सुधारली! काय चमत्कार म्हणायचा हा… आणि त्यात आपली लेस्का. माहीत आहे मला.

कसं माहीत म्हणजे? पत्र आलंय. पालिकेचं, शुक्रवारी… थांब, वाचून दाखवते, इथेच पिठाच्या डब्याखाली ठेवलंय. चष्मा… हां. "लेस्का गावाचे नाव मागास गावांच्या यादीतून वगळण्यात आले आहे. अभिनंदन." अभिनंदन लिहिलंय बरं का, शिक्क्यासकट! मग खाली बारीक अक्षरात… "सबब, सदर निधीतून चालणारी रुग्णवाहतूक व्हॅन एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे."

काय म्हणालीस?…

हो, तीच व्हॅन. तुझ्या बापाला आठवड्यातून तीनदा बितोलाच्या इस्पितळात नेणारी. दुसरी कुठली व्हॅन आहे आपल्याकडे?… तुला माहीत नव्हतं, ती कुठल्या पैशांवर चालते? अगं तू आकड्यांच्या ऑफिसात बसतेस की भाजीच्या दुकानात? तुला काय वाटलं, तिच्यात डिझेल देवदूत भरतात? म्हणजे तुमच्या पिशवीचं भोक कोणी शिवलं ते कळलं मला. आमच्या व्हॅनच्या चिंध्या लावून शिवलं.

ओरडत नाहीये मी. तो झोपलाय, ओरडेन कशी… टॅक्सी? विचारली की. स्पासे म्हणतो जाऊन-येऊन तीन हजार देनार, तेही शेजारी म्हणून. महिन्याच्या तेरा फेऱ्या. सोतिरची, तुझ्या बापाची, पेन्शन सतरा हजार. तू तर तक्ते करतेस, कर हिशेब.

तू पाठवशील! कुठून पाठवशील? तिघींत एक खोली घेऊन राहतेस, गेल्या महिन्यात माझ्याकडूनच बुटांना पैसे नेलेस… नाही, तिकडे नाही येणार तो. तुझ्या खोलीत कुठे टांगून ठेवणार आहेस त्याला?

काय म्हणाला म्हणजे? पत्र वाचलं, घडी घातली, दाढी केली. रविवार नसताना दाढी! आणि मला म्हणतो, "बघ नेवेंका, माझ्या पोरीच्या ऑफिसनं आपल्याला वर काढलं." मी म्हटलं, वर काढलं खरं, अजून थोडं वर काढतील आणि मग थेट स्वर्गातच सोडतील. तर म्हणतो, "मी आठवड्यातून एकदाच जाईन, पुष्कळ झालं."

डॉक्टरीणबाईंना फोन केला मी, त्याच्या चोरून… त्या म्हणाल्या… थांब, मिरची जळतेय… त्या म्हणाल्या, एकच फेरी केली तर नाताळ दिसणार नाही.

रडू नकोस. दाफिना, रडू नकोस म्हणते ना! रडायला पगार देतात का तुला तिथे? डोकं चालव. आपलं गाव सुधारलं, हे तुम्हाला सांगितलं कोणी? रस्ता तोच, शाळेला कुलूप, एकतीस घरांत एकवीस म्हातारे… कसली पाहणी?… घरखर्चाची. त्या वह्यांवरून?… त्या चौदा दिवसांच्या वह्या? तुझी ती मैत्रीण घेऊन आली होती, इरेना, लाल कोटवाली, त्याच?

अगं देवा.

नाही, काही नाही… हसत नाहीये. हसतेय, पण तसं नाही. अगं, तुम्ही त्या वह्या खऱ्या धरल्यात? तुमच्या एवढ्या मोठ्या ऑफिसात एकालाही अक्कल नाही? ऐक. ऐक ना मी काय सांगते!

ती पोरगी आली. दारात उभी राहून म्हणाली, "मी दाफिनाच्या शेजारच्या टेबलावर बसते." झालं! तिथेच संपलं सगळं. सोतिरनं तिला खुर्ची दिली ती बैठकीतली, चांगली. मी चेरीचं गोड काढलं, पाण्याचा पेला दिला, कॉफी केली, राकियाची बाटली काढली. शेजारच्या ब्लागुना आजीकडून उसनं सुकवलेलं मांस आणून तिच्यापुढे कापलं. म्हणते कशी, "मी खात नाही, माझं चालू आहे" आणि आम्ही म्हणतोय, खा गं, खा, आमच्याकडे हे रोजचंच! मग तिनं वही दिली. रोज काय खाल्लं, काय घेतलं, लिहायचं. आता तूच सांग, तुझा बाप त्या वहीत काय लिहिणार? पोरीच्या ऑफिसात जायची वही! त्यात घेवडा लिहील? सलग चौदा दिवस घेवडा?

कोकरू लिहिलं, कोकरू! सोमवारी भाजलेलं, मंगळवारी भातात, बुधवारी धुरावलेलं हॅम, मध्ये मध्ये खारं चीज… पोस्टमन होता ना, अक्षर काय सुंदर, समास आखून लिहिलंन.

आणि वही मिळालेली बाकीची अकरा घरं? अगं, त्यांना तो फॉर्म कळतो का? रात्री सगळे आमच्याकडे. "सोतिर, तू काय लिहिलंस?" आणि घेतलं उतरवून! तुझ्या त्या तक्त्यात बघ, ब्लागुना आजी सापडेल. वय एक्क्याण्णव, तोंडात दात दोन, तेही एकमेकांना भेटत नाहीत. आठवड्याला दोन किलो कोकरू खाते म्हातारी!

तपासलं होतं? काय तपासलंत?… बाराही घरांचे आकडे जुळत होते. जुळणारच! एकाच वहीतून उतरवलेत ना. आणि तुम्हाला वाटलं, वा, काय चोख माहिती! बरं, तारखा बघितल्यास?… वहीवरच्या तारखा गं. कधी आली होती ती?… मार्चमध्ये. मार्चच्या दहापासून. मग? … मग काय, काही उजेड पडतोय का?

ईस्टरच्या आधीचा उपवास, दाफिना! मोठा उपवास, इरेनाचाही तोच चालू होता! सात आठवडे आपल्या गावात अंडंसुद्धा कोणी फोडत नाही, आणि तुझ्या तक्त्यात अख्खी लेस्का कोकरू खातेय! त्राय्को पाद्रीसुद्धा खातोय, तेही शुक्रवारी! त्याच्या बायकोनं उतरवून घेतलं होतं, त्याला पत्ताच नाही. कळलं तर स्वतःलाच प्रायश्चित्त देईल तो. तू या घरात वाढलीस ना गं? आजीनं तुला पळीभर दूध चोरलंस म्हणून या दिवसांत मारलं होतं ना? आणि तुला ते खटकलं नाही?

काय?… तुझ्यापर्यंत फक्त बेरीजच येते. नावं येत नाहीत, तारखा येत नाहीत. नुसती बेरीज. हो, मग त्या बेरजेत कसलं आलंय उपवासाचं! आणि तुझा बाप डायलिसिसवर आहे, हे तरी ठाऊक होतं? चौदा दिवस हॅम आणि खारं चीज खाल्लं असतं तर पंधराव्या दिवशी तुला त्याच्या मयताची घंटा ऐकायला यावं लागलं असतं.

हं… हं… अर्ज करता येतो? … कोणत्या तारखेपर्यंत?… म्हणजे परवा. बरं. त्यात काय लागतं?… घरातल्या माणसाचा जबाब. वहीत लिहिलं ते खोटं होतं, असा. सहीनिशी.

तो नाही देणार. तेव्हाच विचारलं होतं मी. इरेना वही न्यायला आली तेव्हा म्हटलं, सोतिर, सांगून टाकू या, वही खोटी आहे, उपवास चालू आहे. तर काय म्हणाला ऐक. म्हणाला, "हवं तर सांग, सोतिरनं उपवास मोडला. सगळ्या गावानं मोडला म्हण. पण माझी पोर जिथे बसते तिथे आपल्या घरी रोज घेवडा शिजतो असं कागदावर जाणार नाही." नरक चालेल त्याला, घेवडा चालत नाही!

काय?… हळू का बोलतेस, कोण आलंय का तिथे?… हं… साहेब काय म्हणेल… तक्ता टीव्हीवर दाखवून झालाय… आणि तुझी बढती. जानेवारीत. हं.

नाही, मी काय बोलणार? विचार कर तू. मी मिरच्या सोलते तोवर… नाही, बोलते की. दाफिना, तुझा तो चार पूर्णांक एक आहे ना, तो चार पूर्णांक शून्य झाला तर काय होईल? साहेबाचा टाय सैल होईल? लेस्का एवढीशी, तुमच्या तक्त्यात तिच्यानं शून्यसुद्धा हलणार नाही, आणि तुला भीती वाटते! इथे माझा भाऊ नाताळ बघणार नाही, आणि… परत रडतेस?

अगं नाही… तसं नव्हतं म्हणायचं मला. माहीत आहे, तुझाही बाप आहे. माहीत आहे गं… हो. हो, ऐकतेय… तू देशील अर्ज? साहेबासमोर?… तूच नेऊन देशील. बरं. नाक पूस आधी.

मग जबाब माझा घे.

माझा म्हटलं. मी काय घरातली नाही? वीस वर्षं झाली विधवा होऊन या घरात आले त्याला. भांडं कोण चढवतं चुलीवर, तो? त्याला काय माहीत पातेल्यात काय होतं ते, तो फक्त लिहितो… आणि दाफिना… एक सांगू का. ते कोकरू माझंच आहे. त्यानं आधी नुसतं डुकराचं लिहिलं होतं. मीच म्हटलं, हे काय, हे तर कोणीही लिहील, आपली पोर स्कोप्येत आहे. कोकरू लिही. मी म्हटलं गं. त्याला मीच पुढे ढकललं, आणि आता त्याच्या नावानं खडे फोडतेय.

पुरे, पुरे. पेन घे. घेतलंस?… लिही. मी, नेवेंका दामेव्स्का, वय अडुसष्ट, राहणार लेस्का… कचेरीतली भाषा… नाही, सरळ लिही गं, मी बोलते तसं. वही खोटी आहे. आम्ही उपवासात मांस खाल्लं नाही. सकाळी चहा आणि पाव. दुपारी मला घेवडा, भावाला पाणी काढलेला भात. रात्री दुपारचंच… "तेच" नको लिहू, पूर्ण लिही, नाहीतर म्हणतील रात्री वेगळं होतं. घेवडा. पुन्हा घेवडा.

उपवास नसता तरी?… हे पण लागतं का? लागतं… लिही. नाताळाला अर्धं डुक्कर, शेजाऱ्यांबरोबर वाटून. ईस्टरला एक कोंबडी. बाकी वर्षभर… बाकी वर्षभर काही नाही. लाकडं जपून जाळतो, एकच खोली तापवतो. कोट वीस वर्षांचा. भावाचा चष्मा फुटलाय, दोऱ्यानं बांधलाय. इरेनासाठी जे मांस कापलं, ते उसनं होतं. अजून परत केलेलं नाही… लिहिलंस? "अजून परत केलेलं नाही" लिहिलंस ना?

वाच बघू… हं… हं… मोठ्यानं नको वाचू, शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल… ती इरेनाच आहे का तिथे? … असू दे. ऐकू दे तिला. वाच मोठ्यानं.

हो. बरोबर आहे. असंच आहे आमचं.

सहीचं काय? फोनवर कशी… उद्या सकाळी स्पासेच्या हाती बितोलाला देते, तिथून स्कोप्येच्या बसनं पाठवते, कोऱ्या कागदावर खाली सही करून, वर तू उतरव. नाव नीट दिसेल असं करते… आणि ऐक, हे तुझ्या बापाला कधी कळता कामा नये. कधी म्हणजे कधी. त्याला सांग, साहेबांनी स्वतः चूक पकडली. पोरीच्या ऑफिसात हुशार माणसं आहेत म्हणून तो खूश होईल.

उठला वाटतं, पलंग करकरला… हो, येतोय. ठेवते. जेवलीस का? काय खाल्लंस?… खोटं नको बोलू… बरं, ठेवते, ठेवते…

काय रे, उठलास? स्वेटर घाल आधी… कोणाचा फोन? कोणाचा नाही… राँग नंबर होता.