पेटीचा कौल

(ओहायोतलं एक कॉलेजचं गाव, १९५६. मुलींच्या भगिनीमंडळाचं घर. नवी सभासद घ्यायची की नाही, यावरचं गुप्त मतदान नुकतंच संपलंय.)

पेग : अगं पुन्हा बघ, एडिथ! हात घाल, तळाशी नीट चाचप!

एडिथ : चाचपलं की. सगळ्या पांढऱ्या गोट्या. नकाराचा काळा ठोकळा एकही नाही.

पेग : एकही नाही? शपथ?

एडिथ : तुझ्या गळ्याशप्पथ.

पेग : माझा गळा कशाला, स्वतःचा धर! आई गं! म्हणजे आर्नेटा आत! या घरातली पहिली काळी मुलगी! मला वाटलं होतं, दक्षिणेतल्या जॉर्जियाची ल्यूरीन ठोकळा टाकणारच. आणि एक पडला की संपलंच सगळं.

एडिथ : हळू! कुणी काय टाकलं, यावर बोलायचं नाही. अध्यक्ष म्हणून सांगतेय.

पेग : बरं बाई अध्यक्षीणबाई. नाचू तरी का?

एडिथ : नाच. नको, थांब, हॉलिस्टरबाई येतायत.

हॉलिस्टरबाई : काय हा धिंगाणा! केंद्रीय समितीची प्रतिनिधी म्हणून मी शेजारच्या खोलीत बसलेय, याचं तरी भान ठेवा. काय निकाल?

एडिथ : आर्नेटा ग्रीअर निवडून आली, बाई. एकमताने.

हॉलिस्टरबाई : शक्यच नाही. पेटीच्या अंधारात कुणाचा तरी हात चुकला असणार. मत पुन्हा घ्या.

एडिथ : पेटीचा कौल अखेरचा. फेरमतदान नाही. पहिल्याच दिवशी तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलंत.

हॉलिस्टरबाई : तो नियम यासाठी नव्हता!

पेग : मग कशासाठी होता? गेल्या वर्षी रूथ ॲडलरला एका ठोकळ्यानं घालवलंत. बिचारी जिन्यात बसून रडत होती. मी कारण विचारलं, तर म्हणालात, पेटीला कारण विचारत नाहीत.

हॉलिस्टरबाई : तुझी जीभ फार चालते, पेग.

पेग : चालतेच. आज तर पायसुद्धा थांबत नाहीयेत!

हॉलिस्टरबाई : एडिथ, तू तरी शहाणी आहेस. लिहिलेलं कुठेच नाही, पण सभासद देशभरच्या सगळ्या शाखांना चालणारी हवी. दक्षिणेतल्या शाखा उद्याच बाहेर पडतील. मी फोन केला, की समिती तुमची मान्यता काढून घेणार. आणि हे घर समितीच्या मालकीचं आहे.

एडिथ : कधीपर्यंत रिकामं करायचं?

हॉलिस्टरबाई : शनिवारपर्यंत. नाहीतर म्हणा, चूक झाली. मी फोनला हात लावत नाही.

एडिथ : पेग?

पेग : मला काय विचारतेस? माझी ट्रंक मी अजून धड उघडलेलीसुद्धा नाही!

हॉलिस्टरबाई : एडिथ, तुझी आई माझ्याबरोबर याच घरात राहिली. जिन्यावर फोटो आहे तिचा. काय वाटेल तिला?

एडिथ : माहीत नाही, बाई. जाताना तो फोटो मी घेऊन जाईन. तुम्ही फोन करा.

हॉलिस्टरबाई : वेड्या आहात दोघी. आठवड्याभरात पस्तावाल.

पेग : घंटा वाजली! अगं, तीच! मीच जेवायला बोलावलं होतं, निकाल काही का लागेना.

हॉलिस्टरबाई : मी मागच्या दारानं जाते.

पेग : पुढूनच जा की! निदान अभिनंदन तरी करा तिचं! गेल्या बघ. एडिथ, दार तू उघड. आर्नेटा, आलो गं आलो!

एडिथ : घंटा काय वाजवतेस, वेडाबाई? घंटा पाहुण्यांनी वाजवायची. चल, आत ये. शनिवारपर्यंत हे घर तुझंही आहे.