स्क्वॉशची बाटली

फ्रिज पुसायचं काम पुरुषाला सांगू नये, हे मी अनुभवावरून सांगते. आम्ही बंगलोरला, कोरमंगलात नवीन होतो. पुण्याहून सासू-सासरे यायचे म्हणून माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, फ्रिज साफ केला होता. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवली, तीही स्क्वॉशच्या रिकाम्या बाटलीत. आणि फ्रिजमधलं प्यायचं पाणी आम्ही तसल्याच बाटल्यांत भरायचो.

ते लोक आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, "ते ब्लीचिंगचं उरलेलं पाणी कुठे ओतलंस?"

"ओतलं नाही. बाटल्या सगळ्या आत ठेवल्या की."

मी हॉलमध्ये धावले. बाबा, म्हणजे सासरे, मान वर करून, बाटली उंच धरून घटाघट पाणी पीत होते.

"बाबा, थांबा. वास येतोय का त्याला?"

"याला नाही. सकाळच्या बाटलीला येत होता."

"ती प्यायलात?"

"छे. शिळं असेल म्हणून तुळशीला घातलं. पाणी वाया कशाला घालवायचं?"

ती तुळस सासूबाईंनी पुण्याहून मांडीवर धरून आणली होती. चार दिवसांत वाळली. सासूबाई हळहळल्या, "बंगलोरची हवा मानवली नाही गं हिला."

"हो ना," सुहास म्हणाला.

मी मात्र तेव्हापासून कुणाला काही प्यायला देण्याआधी वास घेते. तुम्ही पिताय त्या चहाचाही घेतलाय.