दुखतोय गुडघा, बघतायत दात

...नाही, मला एक सांगा, गुडघा कुठे असतो? पायात. दात कुठे असतात? तोंडात. मध्ये किती अंतर? अहो, अख्खा माणूस आहे मध्ये! छाती आहे, पोट आहे, धोतर नेसलं तर धोतर आहे... आणि तो हाडांचा डॉक्टर काय म्हणतो? एक्स-रे उजेडाला धरतो, चष्मा टकलावर चढवतो आणि म्हणतो, "जयवंतकाका, घूंटण तो बदली आपीश, पण पहेलां दांत बतावी आवो!" म्हणजे गुडघा बदलून देतो, पण आधी दात दाखवून या! म्हटलं, डॉक्टरसाहेब, मी गुडघ्यानं जेवत नाही हो! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दुखतोय गुडघा, बघतायत दात!

तर म्हणे, "काका, हिरडीत पू असला की त्यातले जंतू रक्तात उतरतात, फिरत फिरत नव्या गुडघ्यावर जाऊन बसतात, आणि मग गुडघा सडतो. दातवाल्याची चिठ्ठी आणा, तरच सुरी हातात घेईन." आता तुम्हीच सांगा! अडतीस वर्षं प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात काढली मी. चाक बदलायच्या आधी आम्ही कधी ड्रायव्हरचे दात बघितले का?

बरं, चिठ्ठी म्हणजे काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. घरची सून दाताची डॉक्टर! अनुजची बायको, वैष्णवी. गोत्रीला स्वतःचा दवाखाना, बाहेर ही गर्दी! तिनं दोन ओळी लिहिल्या की झालं. हो ना? तिथंच तर मेख आहे! तुम्हाला सांगतो, अख्ख्या बडोद्यात एकाच माणसासमोर मला तोंड उघडायची चोरी, ती म्हणजे माझी सून!

का? सांगतो. पाच वर्षांपूर्वी लग्नाची बैठक बसली होती. चहा झाला, चिवडा झाला, आणि ही मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "मी बाकी काहीही चालवून घेईन, पण घरात तंबाखू कोणी खात असेल तर आत्ताच सांगा." अनुजचा चेहरा पांढरा फटक! मुलगा तिच्यावर जीव टाकून बसलेला, आणि बापाच्या खिशात चुन्याची डबी! मग काय करणार? आजोबा गायकवाडांच्या फौजेत घोडेस्वार, आमचं घराणं शब्दाचं पक्कं! उठलो, छाती पुढे काढली, आई तुळजाभवानीची शपथ घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आमच्या सात पिढ्यांत तंबाखूला कुणी शिवलेलं नाही!" सात पिढ्या! अहो, सात पिढ्यांत तंबाखू न खाणारा एकच निघाला असता, आजोबांचा घोडा!

लग्न झालं. सून घरात आली. आणि मी अडकलो! दातांवर अडतीस वर्षांची पुटं, ती काय कुंकवासारखी पुसता येतात? मग एक युक्ती केली. सून समोर आली की तोंडावर हात. चहा दे म्हणायचं, तोंडावर हात. वाढदिवसाचा आशीर्वाद, तोंडावर हात. हसू आलं तर दोन हात! आणि गंमत बघा, मुलीनं माहेरी काय सांगितलं? "आमचे सासरे फार जुन्या वळणाचे. सुनेची इतकी मर्यादा कुणी ठेवत नाही आजकाल." व्याही मला बघून नमस्कार करायला लागले! पूर्वी सुना सासऱ्यासमोर पदर घ्यायच्या, आमच्या घरी सासराच पदर घेऊन!

त्यात हा गुडघा. पाणीगेटला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. हाडांच्या डॉक्टरची एक फेरी सोडली तर सात महिने मी खाली उतरलो नव्हतो हो! बाल्कनीत बसायचं आणि दुसऱ्यांचे पाय बघायचे. खाली मयंकभाईचा पानाचा गल्ला, म्हणजे आपली टपरी हो, तिथं रोज संध्याकाळी आमचे वर्कशॉपवाले जमायचे. मी वरून हात करायचो, ते खालून हात करायचे... आगबोट सुटल्यासारखं! एकदा नुसतं त्या गल्ल्यापर्यंत आपल्या पायांनी जावं, एवढंच मागणं होतं माझं. तोवर आमची ही देवापुढे बसली की मी दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचो, आणि मयंकभाई कोथिंबिरीखाली पुडी घालून द्यायचा.

तर चिठ्ठी पाहिजे, सून नको. काय केलं? आमच्या धैर्यशीलला फोन लावला. वर्कशॉपातला जुना दोस्त, स्कूटर अजून चालवतो. घरी सांगितलं, बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातोय. चोपन्न पायऱ्या बसून बसून उतरलो, लहान मूल उतरतं तसा! आणि गेलो एका अनोळखी दातवाल्याकडे. तो आत बघतो आणि म्हणतो, "दोन दाढा हलतायत, हिरड्यांत पू आहे. शुगर बघू? बाप रे! इतक्या शुगरवर मी दाढेला हात लावत नाही. आधी साखर उतरवा." गेलो साखरेच्या डॉक्टरकडे. तो कागद बघतो आणि म्हणतो, "तोंडात एवढा पू असताना साखर उतरेल कशी? आधी दात नीट करा!" अहो! हाडवाला म्हणतो दात, दातवाला म्हणतो साखर, साखरवाला म्हणतो दात! आणि गुडघा? गुडघ्याला कोणी विचारतच नाही! धैर्यशील म्हणाला, "जयवंता, स्कूटरमधलं पेट्रोल संपेल, पण हे चक्र नाही संपायचं." दुखतोय गुडघा, बघतायत दात!

आणि घरी येतो तो काय? ही दारात उभी. कुसुमावती. हातात हाडवाल्याची चिठ्ठी, 'आधी दात दाखवा' लिहिलेली! उशीखाली ठेवलेली होती हो मी! "घरात डॉक्टर असताना दाताच्या चिठ्ठीसाठी गावभर हिंडताय? आणि हयातीचा दाखला तर मागच्या महिन्यात घरबसल्या दिलात. दर महिन्याला जिवंत होताय का?" संपलं! दुसऱ्या दिवशी अनुजनं आणि शेजाऱ्यानं खुर्चीत बसवून खाली नेलं, गाडीत घातलं, गोत्री!

तुम्हाला सांगतो, त्या दाताच्या खुर्चीसारखी वाईट जागा नाही. पाय वर, डोकं खाली, तोंडावर दिवा. पळणार कुठं? गुडघाच नाही! सून मास्क लावून आली. मी तोंडावर हात.

"बाबा, हात."

म्हटलं, नको गं पोरी, बरं दिसत नाही. मर्यादा...

"बाबा, हात काढा."

काढला. पाच वर्षांनी काढला! आऽ केलं. तिनं आरसा आत घातला, गाल बाजूला ओढला. मागे ही आणि अनुज उभे. मग हळूच म्हणते, "डावीकडे ठेवता ना?" मी काय बोलणार, तोंडात आरसा, जिभेवर कापूस! "आँ... आँ आँ..." तर आमची ही मागून म्हणते, "डावीकडेच. आणि जेवण झाल्यावर दोनदा."

म्हणजे हिला माहीत! मी कापूस थुंकून टाकला. म्हटलं, वैष्णवी, तुला कधी कळलं? तर ती म्हणते, "बैठकीतच, बाबा. तुम्ही शपथ घ्यायला तोंड उघडलंत ना, तेव्हाच सगळं दिसलं." घ्या! जिच्यापासून लपवायचं तिलाच जबडा उघडून दाखवला होता मी, तोही देवीच्या साक्षीनं! म्हटलं, मग लग्न का केलंस? "लग्न अनुजशी करायचं होतं. तुमच्या दातांशी नाही."

हसलो असतो हो. पण तिनं परत आरसा घातला, खालचा ओठ ओढला आणि तिचा हात थांबला. "बाबा, इथं पांढरा डाग आहे. तुकडा काढून तपासायला पाठवू या." म्हणाली, "पाच वर्षं रोज वाटायचं, एकदा तोंड बघावं. पण सुनेनं सासऱ्याला तोंड उघडा म्हणून कसं सांगायचं? तुम्ही हात ठेवायचात, मी मान खाली घालायचे. मी लोकांची तोंडं बघते दिवसभर, आणि घरचंच..." आणि रडायलाच लागली पोरगी, मास्क ओला झाला. तेव्हा तुम्हाला सांगतो, गुडघा कुठल्या पायाचा दुखतोय तेसुद्धा विसरलो मी. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारी ही पोर, आणि माझ्या एका खोट्यापायी पाच वर्षं स्वतःच्याच घरात मान खाली घालून वावरली. लाज वाटली हो, फार लाज वाटली. अनुजला म्हटलं, माझ्या डाव्या खिशात हात घाल. डबी, पुडी, सगळं तिथंच कचऱ्यात.

आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. मग रिपोर्ट आला. साधा डाग, पण तंबाखू सोडली नाही तर साधा राहणार नाही. आणि त्या दोन डॉक्टरांचं चक्र? ते तिनं एका फोनमध्ये तोडलं! दोघांना एकदम झापलं, "दोन्ही बरोबर सुरू करायचं." हिरड्या साफ केल्या, साखरेचं औषध बदललं, साखर खाली आली, मग दाढा काढल्या, चार महिन्यांनी चिठ्ठी, आणि नवा गुडघा बसला! डागही निवळत चाललाय म्हणते. म्हणजे तो टकल्या खरं बोलत होता हो. मध्ये अख्खा माणूस असतो म्हणूनच दात बघायचे!

मग काय! चोपन्न पायऱ्या उतरलो, थेट मयंकभाईचा गल्ला. म्हटलं, खायचं नाही, नुसता वास घ्यावा, वासाला काय शपथ आडवी येते? मयंकभाई मला बघून हसला, आणि मी बघतच राहिलो. ज्या माणसाचे दात मी तीस वर्षं लालभडक बघितले, ते पांढरे! म्हणतो, "काका, वैष्णवीबेने मफतमां साफ करी आप्या. खाली एक वचन लीधुं." म्हणजे फुकटात साफ करून दिले, फक्त एक वचन घेतलं. कसलं वचन? मला काही द्यायचं नाही! एवढा नवा गुडघा घेऊन गेलो आणि हातावर काय ठेवलं? वरियाळी! बडीशेप हो! ती चघळत चोपन्न पायऱ्या वर. दारात सून उभी, "बाबा, आऽ करा." रोज! सकाळ-संध्याकाळ!

बरं, तोंडावरचा हात निघाला म्हणून पाच वर्षांचं साचलेलं आता जरा बोलतो मी. थोडंसंच. तर काल ही सुनेला सांगत होती, आतून ऐकलं मी, "वैष्णवी, दात वाचवलेस, गुडघा झाला, सगळं खरं. पण अगं, पाच वर्षं घर कसं शांत होतं! ओठांना दोन टाके घालायची काही सोय नाही का?"

आणि सून काय म्हणाली असेल?

"आहे ना, आई. पण आधी गुडघ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणावी लागेल."

...बसलोय परत, तोंडावर हात ठेवून.