चळतीवरचा दिवा

दातांच्या दवाखान्यात एका आजोबांशेजारी एक जोडपं लॅपटॉप उघडून बसलं होतं.

"चारला साहेबांना प्रोग्रॅम दाखवायचाय, आणि पडद्यावरचा दिवा काही लागत नाहीये," ती म्हणाली.

"काय केलंस ते मला सांग."

"प्रोग्रॅममध्ये तुझ्या खानावळीतल्या ताटांसारखी वस्तूंची चळत असते. आधी दिवा ठेवला, त्यावर उजेडाचा आकडा पाच, मग हुकूम दिला, ‘उजळ’."

"हुकूम ऐकतं कोण?"

"सगळ्यात वर असेल ती वस्तू."

"अगं, मग तू पाचाला उजळायला सांगितलंस! तो बिचारा काय उजळणार?"

"अय्या! म्हणजे आकडा खाली, दिवा वर... लागला रे, लागला!"

"आता बोल, इंजिनिअर कोण?"

"आजोबा, आत चला," नर्स म्हणाली.

"थांब गं बाई. पोरी, तो दिवा आता दहावर लाव बघू!"