सांडव्याखाली सोडलेल्या जिताड्याबाबत

मी, ऋतुजा काशिनाथ म्हेत्रे, वय बावीस वर्षे, व्यवसाय शिक्षण (एम.ए. भूगोल, बहिःस्थ), राहणार होटगी, तालुका दक्षिण सोलापूर, आज दिनांक १५/१०/२०२४ रोजी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन समक्ष जबाब देते की,

मी वरील ठिकाणी आई-वडिलांसह राहते. माझ्याबरोबर शिकलेल्या मुली नोकरी किंवा लग्नानिमित्त बाहेरगावी आहेत. मी रोज दुपारनंतर अभ्यासिकेत जाते असे घरी सांगते. प्रत्यक्षात गावाबाहेरच्या तलावाच्या बांधावर वाचत बसते. या जबाबामुळे ते घरी कळेल, याची मला जाणीव आहे.

सदर तलावात मासे पाळण्याचा ठेका मल्हार शिंगाडे यांच्याकडे आहे. त्यांनी कोकणातून जिताड्याची पिल्ले आणून जाळीच्या पिंजऱ्यात वाढविली होती. जिताडा हा मूळचा खाडीतला शिकारी मासा आहे. वादळात पिंजरा फाटला. सुटलेले जिताडे ठेकेदाराच्या माणसांनी जाळे टाकून काढले. एक मात्र हाती लागला नाही. तो तलावातले चिलापी मासे खाऊन मोठा झाला आहे, असे गावात बोलले जात असे. गळाने चिलापी धरण्यास ठेकेदारांची हरकत नव्हती, जिताडा धरण्यास मनाई होती.

ज्यांच्यावर जिताडा चोरल्याचा आरोप आहे ते वृद्ध गृहस्थ त्याच बांधावर गळ टाकून बसत. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एकाच बाभळीच्या दोन बाजूंना बसत आलो. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "वाचा, पन मनात वाचा. मासा बुजतो." त्यानंतर बोलण्याचा प्रसंग फारसा आला नाही. ते मला मास्तरीणबाई म्हणत. त्यांचे नाव मायाप्पा कोळेकर असून ते रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन आहेत व घरात एकटे राहतात, ही माहिती मला आज या ठाण्यात मिळाली.

घटनेच्या काही दिवस आधी त्यांनी मला विचारले, "मास्तरीणबाई, तुमच्या पुस्तकात त्या जिताड्याचं काय लिवलंय का?" मी सांगितले की, तो गोड्या पाण्यात वाढतो, परंतु अंडी घालण्यासाठी त्याला खाऱ्या पाण्याकडे जावे लागते. ते म्हणाले, "मंजी हितं त्येचं कोण न्हाय." मी नाही असे म्हणाले. मग त्यांनी या तलावाचे पाणी कुठे जाते ते विचारले. सांडव्यावरून ओढ्यात, पुढे नदीत, भीमेतून कृष्णेत व कृष्णेतून समुद्रात, असे मी सांगितले. त्यावर ते हसून म्हणाले, "मग समुद्र हितनंच सुरू होतो की. आमी उगं पास काडून मुंबईला बगाय गेलो." त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत होतो.

दिनांक १३/१०/२०२४ रोजी सायंकाळी त्यांच्या गळाला जिताडा लागला. त्यांनी तो काठावर घेऊन गळ सोडविला आणि भिजविलेल्या गोणपाटात ठेवला. मी उभी होते. ते म्हणाले, "नुसतं बगताय काय, एक अंग धरा की." मी पुस्तक ठेवून गोणपाटाची एक बाजू धरली. आम्ही दोघांनी मासा सांडव्याखाली ओढ्यावर नेला. पाणी कोणत्या दिशेला जाते ते मी हाताने दाखविले. त्यांनी माशाचे तोंड तिकडे करून त्याला पाण्यात धरून ठेवले. बराच वेळ तो हलला नाही. मग त्याने शेपूट मारली व तो गेला. ते म्हणाले, "पोचला की कळवंल."

रिकामे गोणपाट घेऊन ते बांधावर चढले. मी खाली ओढ्यातच होते. ठेकेदारांचे राखणदार सिद्धेश्वर यांनी ओले गोणपाट पाहून त्यांना अडविले. त्यांचे बोलणे मला स्पष्ट ऐकू आले.

"आप्पा, मासा कुणाला दिला?"

"सोडला पाण्यात."

"पाण्यात व्हय. आन म्या काय झाडावर राखत बसलोय? खरं सांगा, संगट कोण हुतं?"

"कोण न्हाय. म्या एकटाच हाय."

मी वर आले नाही. ते दोघे निघून गेल्यावर पुस्तक घेऊन घरी गेले.

मायाप्पा कोळेकर यांनी मासा विकलेला नाही, कोणाला दिलेला नाही. मासा तलावाबाहेर नेला हे खरे आहे. ते एकटे होते हे खरे नाही.

मला विचारण्यात आले की, तो मासा समुद्रापर्यंत पोहोचेल काय. पोहोचणार नाही. वाटेत बंधारे आहेत, पुढे मोठी धरणे आहेत. भूगोलाची विद्यार्थिनी म्हणून, तलावाचे पाणी कुठे जाते ते सांगितले त्या दिवशीही हे मला माहीत होते. ते एकेक विचारत होते, मी सांगत होते. एवढे सांगायचे राहिले.

हा जबाब मी सांगितला तसा संगणकावर घेण्यात आला. हवालदार मॅडमनी तो मला मोठ्याने वाचून दाखविला. त्यात कमी-जास्त काही नाही व तो खरा आहे. मायाप्पा कोळेकर बाहेर बाकावर बसले असून त्यांनाही तो वाचून दाखविला जाईल, असे मला सांगण्यात आले. त्यास माझी हरकत नाही. फक्त बंधाऱ्यांचा मजकूर त्यांच्यापुढे वाचू नये, ही विनंती.

जबाब देणार,
(सही) ऋ. का. म्हेत्रे