घोलवडच्या वाडीतला क्लारनेट

आमी सरावलीचे, बापूस तारपा वाजवायचा, आन तारपा म्हंजे काय सांगू तुम्हाला, एकदा तोंडाला लावला का सूर तुटता कामा नाय, गालात हवा धरायची, नाकानं दम घ्यायचा, सूर तुटला तं नाचणाऱ्यांचा पाय चुकतो. बापूस सांगायचा, सूर तोडला तो वाजंत्रीच नाय. मना तारपा नाय जमला, मी लग्नाच्या बँडमधी क्लारनेट धरला, आन लग्नं नसली का घोलवडला वाडीत जायचो, बेडणीनं, म्हंजे जाळी लावलेल्या लांब काठीनं, चिकू उतरवायला.

तिथं कुंपणापलीकडं मास्तर राहायचे. मुंबईच्या मोठ्या हाटेलात विलायती जाज वाजवलेलं, जुन्या पद्धतीचं, मंग म्हातारपणी पोरीकडं आले. संध्याकाळी ओट्यावर बसून वाजवायचे. माझ्याकडं होता तसलाच क्लारनेट हो, पण त्यांचा माणसासारखा बोलायचा, हसता हसता रडायचा. मी झाडावरच थांबायचो. मुकादम म्हणायचा, चिकू काय तुझ्या कानात पिकतात का रं. बारा वर्सं ऐकलं, समोर कधी गेलो नाय, लाज वाटायची. मनात एवढंच, एकदा मास्तरांनी माझं ऐकावं.

मंग मास्तर थकले, सूर मधीच तुटायला लागला. मना बघवंना. एक दिवस क्लारनेट घेऊनच गेलो, आन ते थांबले तसा झाडामागून मी सूर पुढं नेला. ते परत वाजवायला लागले, परत थांबले, परत मी. तिसऱ्यांदा त्यांनी क्लारनेट खाली ठेवला, उठले आन आत गेले. म्हटलं, गाढवा, म्हाताऱ्या माणसाचा दम संपला ते त्याला दाखवून दिलंस. पळालो तो दोन वर्सं त्या वाडीकडं फिरकलो नाय.

गेलो तो मयतीलाच. त्यांच्या पोरीला सगळं सांगितलं, हात जोडून माफी मागितली. बाई म्हणाली, अहो, पप्पा मला बोलवायला आत आले होते, चल लवकर म्हणाले, बाहेर कोणीतरी मला जवाब देतंय. बाहेर येऊन बघतो तर कोणी नाही. त्यांचे साथीदार असेच वाजवायचे, एक थांबला की दुसरा उचलायचा, ते सगळे कधीच गेले. त्या दिवसापासून पप्पा रोज मुद्दाम थांबायचे, कुंपणाकडं बघत. दम होता तोवर.

मी तिथंच खाली बसलो. आजपण ते आठवलं का जेवण जात नाय.

आता बँड गेला, डीजे आला. संध्याकाळी मी दारात बसून वाजवतो. बायको म्हणते, मधीच का थांबता, दम लागतो का. मी म्हणतो, हा, लागतो. तिला काय सांगायचं. बापूस असता तं ओरडला असता, सूर तोडतो म्हणून. मास्तर असतील तिथं सुखात असोत, त्यांना कोणी जवाब देणारा मिळो. मी आपला थांबतो, जरा वेळ ऐकतो, आन मंग परत सुरू करतो.